अमेरिकन चकवा

मराठी भूत हे मूळचे घरगुती. आपल्या भयकथांची स्थळे आठवून पाहा: ओस पडलेला वाडा, परसातली विहीर, पारावरचा पिंपळ, फार तर गावाबाहेरचे स्मशान. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथा वाचत ज्यांच्या उन्हाळ्याच्या सुट्या गेल्या, त्यांना हे वेगळे सांगायला नको. आपले भूत घराच्या आत किंवा घरापासून हाकेच्या अंतरावर राहते, बहुतेक वेळा ते कुणाचे तरी नातेवाईकच असते, आणि त्याची काहीतरी जुनी येणेबाकी असते. रानाची भीती आपल्याकडे नव्हती असे नाही. पण ती वाघाची, सापाची, वाटमाऱ्यांची. काही राने तर देवाच्या नावाने राखलेली. देवराईत कुऱ्हाड चालवायची नाही, एवढाच तिथला धाक.

अमेरिकन भूत मात्र घर सोडून रानात राहायला गेलेले दिसते. गेल्या चाळीसएक वर्षांत या देशात जे स्वतंत्र, म्हणजे मोठ्या स्टुडिओंच्या पैशाविना काढलेले भयपट गाजले, त्यांतले बरेचसे झाडीत घडतात. चारपाच तरुण माणसे, एक मोडकळीला आलेली लाकडी केबिन किंवा दोन तंबू, आणि चहूबाजूंनी झाडे. या चित्रपटांकडे आपली मंडळी सहसा फिरकत नाहीत. मुले पाहतात, आपण नाक मुरडतो. त्यांतले बरेचसे नाक मुरडण्याच्याच लायकीचे असतात, हेही खरे. पण जे चांगले आहेत ते खरोखर चांगले आहेत. आणि चांगले कोणते, वाईट कोणते, हे ठरवायला माझ्या मते एक साधा प्रश्न पुरतो: या चित्रपटात रान नेमके काय काम करते?

रानाच्या या भयाचे मूळ जुने आहे. सतराव्या शतकात मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर उतरलेल्या प्युरिटन लोकांच्या दृष्टीने वस्तीचे कुंपण संपले की देवाचे राज्य संपले. पलीकडे सैतानाचा मुलूख. त्या मुलखात आधीपासून माणसे राहत होती, ती त्यांनी सोयीस्करपणे सैतानाच्याच खात्यावर मांडली. नॅथॅनिएल हॉथॉर्नची १८३५ सालची ‘यंग गुडमन ब्राउन’ ही कथा याच समजुतीवर उभी आहे. सेलममधला एक तरुण नवरा बायकोचा निरोप घेऊन संध्याकाळी रानात शिरतो, आणि तिथे सैतानाच्या मेळाव्यात त्याला आपल्याच गावची देवभोळी माणसे दिसतात. परततो तो जन्मभराचा संशय घेऊन.

गंमत अशी की आज पूर्वेकडे आपण जी झाडी पाहतो, ती हॉथॉर्नच्या पूर्वजांनी पाहिलेली नव्हे. न्यू इंग्लंडच्या रानात हिंडताना मध्येच दगडी गडगे लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथली बरीचशी जमीन तोडून शेतीखाली आणि कुरणांखाली आलेली होती. पुढे शेतकरी पश्चिमेकडे आणि गिरण्यांकडे गेले, आणि झाडी परत उगवली. म्हणजे ज्याला मुले अनादि अरण्य समजतात, ते पुष्कळ ठिकाणी कुणीतरी सोडून दिलेले शेत आहे. हा मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे.

रानात चित्रपट काढण्यामागे एक व्यवहारी कारणही आहे: रानाला जवळजवळ भाडे पडत नाही. सेट उभारायला नको, गर्दी आवरायला नको, रात्र तर फुकटच. १९८० सालचा ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ हा या हिशेबाचा नमुना आहे. शॉन कनिंगहॅम या दिग्दर्शकाने १९७९ साली पटकथा तयार नसतानाच ‘व्हरायटी’मध्ये चित्रपटाची जाहिरात देऊन टाकली. न्यू जर्सीत ब्लेअर्सटाउनजवळ स्काउट मुलांच्या शिबिराच्या जागेवर चित्रीकरण झाले. खर्च सुमारे साडेपाच लाख डॉलर. पॅरामाउंटने तो वितरणाला घेतला आणि अमेरिकेतच सुमारे चार कोटी मिळाले. पण माझा प्रश्न त्याला विचारला तर उत्तर निराशाजनक आहे. इथे रान म्हणजे नुसता पडदा. खुनी त्यामागे लपतो, बाहेर येतो, परत लपतो. हीच कथा एखाद्या हॉटेलात नेली तर फारसे काही बिघडणार नाही.

‘द ईव्हिल डेड’ची गोष्ट वेगळी. मिशिगनमधल्या सॅम रेमी, ब्रूस कॅम्बेल आणि रॉबर्ट टॅपर्ट या मित्रांनी तो काढला, तेव्हा रेमी वीस वर्षांचा होता. आधी त्यांनी १९७८ साली ‘विदिन द वूड्स’ नावाचा छोटा चित्रपट सोळाशे डॉलरांत सुपर-८ फिल्मवर केला आणि तो दाखवून स्थानिक डॉक्टर, दंतवैद्य आणि वकील मंडळींकडून पैसे जमवले. १९७९-८०च्या हिवाळ्यात टेनेसीत मॉरिसटाउनजवळच्या एका केबिनमध्ये चित्रीकरण झाले. एकूण खर्च सुमारे पावणेचार लाख डॉलर. ऑक्टोबर १९८१मध्ये डेट्रॉइटच्या रेडफर्ड थिएटरात पहिला खेळ झाला.

या चित्रपटात रान स्वतः चालून येते. कुणीतरी अदृश्य, जमिनीलगत, ओंडक्यांवरून, डबक्यांवरून भरधाव केबिनकडे धावत येत आहे, आणि ते जे पाहते तेच आपण पाहतो. कॅमेरा स्थिर ठेवून पळण्यासाठी जे स्टेडिकॅम नावाचे यंत्र लागते ते या मुलांना परवडणारे नव्हते. मग त्यांनी कॅमेरा एका लाकडी फळीच्या मध्यावर बसवला आणि दोघांनी फळीची दोन टोके धरून धाव घेतली. फळी लांब असल्यामुळे एकेका माणसाच्या पावलाचा हिसका मध्यापर्यंत पोचेतो कमी होतो. इंजिनिअरिंगच्या कोणत्याही विद्यार्थ्याला समजेल असे हे शास्त्र आहे. पण हिसका कमी होतो, संपत नाही. जो उरतो त्यामुळे ती नजर यंत्राची वाटत नाही, कुणा श्वास घेणाऱ्याची वाटते. महागडे यंत्र असते तर हे मिळाले नसते.

या कौतुकाला एक मोठा अपवाद करायला हवा. झाडांच्या फांद्या आणि वेली एका तरुणीवर बलात्कार करतात असे एक दृश्य चित्रपटात आहे. ते कथेला लागत नाही आणि बीभत्स आहे. खुद्द रेमीनेही पुढे त्याबद्दल खेद व्यक्त केलेला आहे. हिंमत आणि आचरटपणा एकाच घरात नांदतात, याचे हा चित्रपट चांगले उदाहरण आहे.

आता या प्रकारातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा चित्रपट: ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’. डॅनियल मिरिक आणि एदुआर्दो सांचेझ हे त्याचे दिग्दर्शक. सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठात शिकलेले हे दोघे. १९९७च्या ऑक्टोबरात आठ दिवसांत मेरीलँडमध्ये त्याचे मुख्य चित्रीकरण झाले. चित्रपटात नाव बर्किट्सव्हिल या गावाचे आहे (पुढे त्या बिचाऱ्या गावाच्या पाट्यासुद्धा लोकांनी चोरून नेल्या), पण रान बहुतांशी सिनेका क्रीक स्टेट पार्कचे आहे. गेदर्सबर्ग-जर्मनटाउन भागातल्या आपल्या मंडळींपैकी अनेकांनी तिथे सहलीचे डबे उघडले असतील. हमरस्ता आणि घरांच्या वसाहती जवळच. एवढ्याशा झाडीत तीन धडधाकट माणसे दिवसचे दिवस हरवतात आणि आपण त्यावर विश्वास ठेवतो, हेच दिग्दर्शकांचे पहिले यश.

कथा चार ओळींची आहे. हेदर, जॉश आणि माइक हे तीन विद्यार्थी एका जुन्या चेटकिणीच्या दंतकथेवर माहितीपट काढायला रानात जातात आणि परत येत नाहीत. वर्षभराने त्यांनी चित्रित केलेल्या फिती सापडतात. आपण पाहतो त्या याच फिती. पूर्ण संवाद असलेली पटकथा नव्हतीच, होता तो सुमारे ३५ पानांचा आराखडा. हेदर डोनाह्यू, जोशुआ लेनर्ड आणि मायकेल विल्यम्स या नटांनी स्वतःच्याच नावाने कामे केली, संवाद स्वतः रचले आणि कॅमेरेही स्वतःच चालवले. दिग्दर्शक दूर राहून रोजच्या सूचना ठरल्या जागी ठेवून जात, प्रत्येकाच्या वेगळ्या, एकमेकांना न दाखवण्याच्या अटीवर. त्या जागा शोधायला नटांजवळ जीपीएस यंत्र होते. त्या काळी लष्करी धोरणामुळे नागरी जीपीएस मुद्दाम ढोबळ केलेले असे आणि शंभरेक मीटरची चूक गृहीत धरावी लागे. हे बंधन मे २०००मध्ये उठले. तेव्हा पडद्यावर नकाशा हरवून बसलेली ही माणसे प्रत्यक्षात उपग्रहाच्या आधाराने चालत होती! जमलेल्या सुमारे वीस तासांच्या चित्रीकरणातून ८१ मिनिटे उरली.

मराठी प्रेक्षकाला या चित्रपटाचा गाभा समजायला वेळ लागू नये, कारण त्याला आपल्याकडे नाव आहे: चकवा. चकवा लागलेला माणूस रात्रभर चालतो आणि पुन्हा पुन्हा त्याच बांधाशी येतो. या समजुतीच्या मागे काही तथ्यही आहे. जर्मनीतील मॅक्स प्लांक संस्थेच्या यान साउमन आणि सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना अनोळखी रानात सरळ चालायला सांगितले होते. सूर्य दिसत होता त्यांना ते बऱ्यापैकी साधले. आभाळ झाकलेले होते ती माणसे नकळत वर्तुळात फिरून आपल्याच वाटेवर आली.

म्हणजे चकव्याचा उलगडा झाला? चित्रपटाची चलाखी इथेच आहे. नकाशा तर गेलेलाच असतो. वैतागलेल्या माइकने तो ओढ्यात लाथाडलेला असतो. पण हेदरजवळ होकायंत्र आहे. ते तिघे दिवसभर होकायंत्र पाहून दक्षिणेला चालतात आणि संध्याकाळी सकाळच्याच ओंडक्यापाशी येऊन पोचतात. माणसाचे पाय चुकतात हे शास्त्राला मान्य आहे. होकायंत्र असे चुकत नाही. तो ओंडका दिसतो त्या क्षणी आपल्या हातातले शेवटचे स्पष्टीकरण गळून पडते. ना रक्त, ना किंचाळी, नुसता एक ओंडका. भयपटात यापेक्षा काटकसरीचे दृश्य मी पाहिलेले नाही. शिवाय आपला चकवा कोंबडा आरवला की सुटतो. हा दिवसाढवळ्या चालू राहतो.

शेवटही असाच. सुरुवातीला गावकऱ्यांच्या मुलाखतींत एक माणूस सहज सांगून जातो की पूर्वी एक खुनी मुलांना जोडीजोडीने तळघरात नेई आणि एकाला मारताना दुसऱ्याला कोपऱ्यात तोंड करून उभा ठेवी. ही माहिती आपण विसरतो. तासाभराने, पडक्या घराच्या तळघरात, कॅमेऱ्याला माइकची पाठ दिसते: कोपऱ्यात तोंड करून उभा. चेटकीण दिसत नाही, मारेकरी दिसत नाही. माहिती आधी दिलेली होती. भीती आपण स्वतः तयार केली.

दोष आहेत. मधला भाग म्हणजे तिघांची एकसुरी भांडणे; कॅमेरा इतका हलतो की अनेकांना थिएटरात मळमळले. पण भांडणांची मला तक्रार वाटत नाही. गाडीत रस्ता चुकलेले कोणतेही सुशिक्षित कुटुंब आठवा: पहिला अर्धा तास विनोद, मग ‘मी सांगत होतो’, मग मौन. चित्रपटाने ते नेमके टिपले आहे. आणि हेदरचा तो प्रसिद्ध प्रसंग, जिथे ती स्वतःच्या चेहऱ्यावर उजेड धरून बरोबरच्या मुलांच्या आयांची क्षमा मागते, तो खऱ्या अभिनयाचा नमुना आहे. त्या कामासाठी तिला वर्षातल्या सर्वांत वाईट अभिनेत्रीचा चेष्टेचा ‘रॅझी’ मिळाला, यात लाज तिची नव्हे.

उलट बाजूचा पुरावा हवा असेल तर २०१६ साली आलेला ‘ब्लेअर विच’ पाहावा. या वेळी पात्रांजवळ जीपीएस आहे, उडता ड्रोन आहे, कानाला लावलेले कॅमेरे आहेत. निर्मात्यांजवळ पहिल्याच्या कितीतरी पट पैसा आहे. शेवटी लांब हातापायांचे एक भूतही दिसते. दिसते, आणि आपली भीती संपते.

आता हिशेबाची दुसरी बाजू. जानेवारी १९९९मध्ये सनडान्स महोत्सवात आर्टिझन कंपनीने ‘ब्लेअर विच’ सुमारे ११ लाख डॉलरांना घेतला, जुलैत प्रदर्शित केला, आणि जगभरात त्याने २४ कोटींहून अधिक मिळवले. मूळ खर्च ६० हजारांच्या आसपास सांगितला जातो. हे आकडे गेली पंचवीस वर्षे चमत्कार म्हणून सांगितले जातात, आणि आपल्यासारख्या व्यावसायिक मंडळींना ते फार आवडतात: थोडे भांडवल, मोठी कल्पकता, अफाट नफा. पण अभियंत्याला एक गोष्ट शिकवलेली असते. हिशेबात न दिसणारा खर्च नाहीसा झालेला नसतो, तो दुसऱ्या कुणावर गेलेला असतो.

इथे तो नटांवर गेला. चित्रीकरणात त्यांचे खाणे रोज थोडे कमी केले जाई, रात्री तंबू हलवून जागवले जाई. त्याला माझा मोठा आक्षेप नाही. नटांना ते ठाऊक होते, आणि थांबायचे असेल तर वापरायला ‘टॅको’ हा परवलीचा शब्दही ठरलेला होता. आक्षेप पुढच्या गोष्टीला आहे. जाहिरातीची सगळी मदार ही माणसे खरोखर बेपत्ता आहेत या बतावणीवर होती. शोधपत्रके चिकटवली गेली. हेदरच्या आईला सांत्वनाची पत्रे आली. म्हणजे चित्रपट जगभर गाजत असताना ज्यांच्या चेहऱ्यांवर, नावांवर आणि हातातल्या कॅमेऱ्यांवर तो उभा होता, त्यांनी मेल्याचे सोंग घ्यायचे. मेलेल्या माणसाला मुलाखत देता येत नाही, आणि पुढच्या कामासाठी आपला भावही सांगता येत नाही. एप्रिल २०२४मध्ये या तिघांनी लायन्सगेटला, म्हणजे आर्टिझनच्या वारसदार कंपनीला, जाहीर पत्र लिहिले. मागण्या तीन: कलाकार संघटनेच्या नियमांप्रमाणे मिळाला असता तेवढा मागचा-पुढचा मोबदला, नव्या चित्रपटांत त्यांची नावे वा चेहरे वापरताना त्यांच्याशी सल्लामसलत, आणि मूळ खर्चाइतकी, म्हणजे ६० हजार डॉलरांची, वार्षिक मदत एखाद्या नवोदित दिग्दर्शकाला. तिसरी मागणी वाचून मला या माणसांबद्दल आदर वाटला.

नव्या कंपनीत पहिल्या चारपाच जणांत नोकरीला लागलेल्या वाचकांना यातली मेख कळेल. धोका सर्वांनी मिळून घ्यायचा, आणि वाटणीच्या वेळी कागदावर सही कुणाची होती ते पाहायचे. ‘स्वतंत्र’ हे विशेषण चित्रपटाला लावताना तो कुणाच्या बाबतीत स्वतंत्र होता, हेही समीक्षकाने विचारायला हवे. चित्रपट थोर आहे हे माझे मत त्यामुळे बदलत नाही. पण त्याची ‘फक्त साठ हजारांत’ ही ख्याती अपुरी आहे.

शेवटचा चित्रपट रॉबर्ट एगर्सचा ‘द विच’. २०१५च्या सनडान्समध्ये त्याला दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले. वरच्या चित्रपटांइतका तो स्वस्तातला नाही, खर्च काही दशलक्ष डॉलर. पण नजर स्वतंत्रच. काळ १६३०चे दशक. धर्माच्या प्रश्नावरून वस्तीशी वाद घालून विल्यम आपली बायको आणि मुले घेऊन बाहेर पडतो आणि रानाच्या कडेला शेत मांडतो. थोरली थॉमसिन तान्ह्या भावाशी ‘कुक्’ खेळत असते. डोळ्यांवरचे हात काढते तो बाळ नाहीसे झालेले, आणि समोर फक्त झाडांची रांग. पुढे मका करपतो, बोकड विचित्र वागू लागतो, आणि घरातले एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात.

अमेरिकन समीक्षकांनी यात धर्मवेड पाहिले, स्त्रीची सुटका पाहिली. दोन्ही आहेत. पण आपण पाहताना आणखी एक गोष्ट लक्षात यावी: हे नुकतेच देशांतर केलेले कुटुंब आहे. आईला इंग्लंडला परत जायचे आहे. तिने माहेरून आणलेला चांदीचा पेला नवऱ्याने गुपचूप विकला आहे. थॉमसिन धाकट्या भावाला विचारते की आपल्या तिकडच्या घराच्या खिडकीला काच होती, आठवते का तुला? बापाला शेती जमत नाही, पण ते कबूल करता येत नाही, कारण सगळ्यांना इथे आणण्याचा निर्णय त्याचा होता. मग तो रात्रंदिवस लाकडे फोडत राहतो. आणि दोष कुणाच्या माथी बसतो? वयात येणाऱ्या मुलीच्या. बाहेरचे रान तिला बिघडवते आहे, असे घर ठरवते. इतक्यांदा ठरवते की शेवटी तिला जायला रानाखेरीज जागाच उरत नाही. चित्रपटात चेटकीण खरी आहे, ते एगर्सने लपवलेले नाही. पण तिच्या हाती मुलगी जाते ती घरातल्यांनी ढकलल्यामुळे.

तेव्हा माझ्या प्रश्नाचे उत्तर असे येते: कनिंगहॅमचे रान लपायला जागा देते, रेमीचे रान अंगावर येते, ‘ब्लेअर विच’चे रान दिशा काढून घेते, आणि एगर्सचे रान नुसते उभे राहून वाट पाहते. ज्या मुलखाला प्युरिटनांनी सैतानाचे घर म्हटले, तोडला, पिकवला, सोडून दिला, तिथे परत झाडी उगवली आणि तिच्याबरोबर तीच भीतीही उगवली. ती त्यांची भीती आहे, आपली नव्हे, असे म्हणून आपण बाजूला होऊ शकतो. पण आपली मुले याच झाडीत कॅम्पिंगला जातात, शेकोटीभोवती याच गोष्टी ऐकतात. त्यांच्या मनात मुंजा नाही, हे रान आहे.

ज्यांना एकच चित्रपट पाहायचा आहे त्यांनी ‘ब्लेअर विच’ पाहावा, रात्री, दिवे घालवून आणि सलग. ‘ईव्हिल डेड’ मुलांबरोबर पाहण्यासारखा मुळीच नाही. आणि घरात सतरा-अठरा वर्षांची मुलगी असेल, तर ‘द विच’ तिच्याबरोबर पाहावा आणि संपल्यावर तिला आधी बोलू द्यावे.